तुम्ही विचारलंत म्हणून: एकरात चाळीसच गुंठे का?

जमिनीच्या मोजणीचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते, ‘एकरात चाळीसच गुंठे का? सरळ शंभर का नाहीत?’ याचे उत्तर इंग्लंडातल्या नांगरटीत आहे.

एकर हा मुळात मापाचा शब्दच नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसते शेत असा होता. जर्मन ‘आकर’, लॅटिन ‘आगेर’ आणि ऋग्वेदातला ‘अज्र’ हे त्याच कुळातले शब्द. पुढे, एका औताने दिवसभरात नांगरून व्हावी एवढी जमीन, असा अर्थ त्याला आला. तिथल्या जड नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत, आणि एवढे लांबलचक औत बांधाशी वळवणे फार कष्टाचे असल्यामुळे वळणे कमी पडावीत अशा बेताने शेताचे पट्टे लांब आणि अरुंद ठेवत. फर्लांग म्हणजे ‘तासाची लांबी’, नांगराच्या तासाची. ती ६६० फूट ठरली आणि पट्ट्याची रुंदी ६६ फूट. त्यांच्या गुणाकारातून आलेला ४३,५६० हा आकडा आडनिडा वाटतो खरा, पण तो बैलांच्या दमाने ठरलेला आहे.

लंडनच्या ग्रेशम कॉलेजातले खगोलशास्त्राचे प्राध्यापक एडमंड गुंटर यांनी १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी प्रचारात आणली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, त्यामुळे जुने माप न मोडता हिशेब दशमान झाला; मला ही युक्ती अतिशय सुंदर वाटते. (क्रिकेटची २२ यार्डांची खेळपट्टीही एवढ्याच लांबीची असते.)

आपल्याकडे मोजणीत याच्या निम्मी, ३३ फुटांची, सोळा भागांची (एकेका भागाला ‘आणा’ म्हणत) साखळी रुळली. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. पूर्ण साखळीच्या एका चौरसात असे चार गुंठे बसतात आणि एकरात तसे दहा चौरस असतात, म्हणून चाळीस.

सातबाऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि पुष्कळ जण आर म्हणजेच गुंठा धरतात. आर १०० चौरस मीटरांचा, तर गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरांचा. हेक्टरभर जमिनीत हा फरक बाराशे चौरस फुटांहून अधिक भरतो. म्हणून दर गुंठ्याने ठरला असेल तर क्षेत्राचे रूपांतर करूनच खरेदीखतात रक्कम लिहावी.