दफ्तरी म्हणजे वही

टांझानियातील सिंगिडा भागातल्या एका खेड्यातील मुलांसाठी नौपाड्यातील आमच्या ओळखीची तीसेक कुटुंबे गेली काही वर्षे नेमाने मदत करत आहेत. त्यांचे आभार मी आजवर फोनवर, जिन्यात किंवा तलावपाळीवर फिरताना घाईघाईनेच मानले. ते नीट मानायचे राहून गेले होते.

दार-ए-सलाममध्ये मी नऊ वर्षे एका कंपनीचे हिशेब सांभाळले. त्यामुळे खाल्ल्या मिठाला जागणे एवढेच माझे कारण आहे. पण ज्यांनी तो देश नकाशातही शोधून पाहिला नव्हता, त्यांना असे कोणते बंधन होते? शिवाय परदेशातील संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगत आलो आहे. "शहापूर-मुरबाडची मुले दिसत नाहीत का तुम्हाला?" असे एका गृहस्थांनी रोखठोक विचारले होते. प्रश्न रास्तच होता आणि माझ्याजवळ त्याला पटण्याजोगे उत्तर नव्हते. त्यांनी मग निम्मी रक्कम शहापूरच्या एका आश्रमशाळेला देऊन उरलेली निम्मी माझ्या हवाली केली, आणि तेव्हापासून दरवर्षी ते तसेच करतात.

टांझानियात प्राथमिक शाळेची फी २००२ पासून आणि माध्यमिकच्या पहिल्या चार वर्षांची २०१६ पासून माफ आहे, तरी गणवेश, वह्या आणि जेवण यांचा भार घरावर पडतोच. खरी अडचण मात्र भाषेची आहे. सरकारी शाळेत सातवीपर्यंत सगळे विषय स्वाहिलीतून शिकलेले मूल जानेवारीत माध्यमिकच्या वर्गात बसते आणि तिथे गणितापासून भूगोलापर्यंत सगळे एकदम इंग्रजीतून सुरू होते. मराठी शाळेतून अकरावी विज्ञानाला गेलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उत्तर येत असूनही मान खाली घालून बसण्याचे ते दिवस मी स्वतः काढले आहेत. म्हणून आपल्या पैशांतला मोठा वाटा या मुलांच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गावर आणि त्याआधी मिळणाऱ्या उगालीवर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीवर, आणि सोबतच्या राजम्यावर खर्च होतो. रिकाम्या पोटी परकी भाषा डोक्यात शिरत नाही.

तेथील मुख्याध्यापकांना सगळे 'म्वालिमू' म्हणतात, म्हणजे गुरुजी. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हेही मुळात शिक्षक होते आणि त्यांनाही लोक याच नावाने ओळखतात. गेल्या वर्षी आमच्या म्वालिमूंनी पाठवलेल्या यादीत 'दफ्तरी २४०' असे होते. नऊ वर्षे राहूनही माझी स्वाहिली बाजारहाटापुरतीच असल्याने मी ते खुशाल शाळेचे दप्तर समजलो, तीनशे रुपयांचे एक याप्रमाणे हिशेब मांडला आणि सगळ्यांकडून पैसेही जमा केले. पुढे म्वालिमूंशी बोलताना उलगडा झाला, की स्वाहिलीत दफ्तरी म्हणजे वही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातील चुका काढलेल्या माणसाला स्वतःची ही चूक तीस घरांत फोन करून सांगावी लागली. जास्तीचे पैसे परत देतो, असेही मी प्रत्येकाला म्हणालो. एकानेही ते परत घेतले नाहीत.

तळमजल्यावरच्या आजी तर खळखळून हसल्या. "अरे, मग वह्या होऊन पैसे उरतील की! त्यांत पोरांना जेवू घाल," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने रद्दीचे एकशे चाळीस रुपये एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटातून आणून दिले. पाकिटावर आजींच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते, 'दफ्तरीसाठी'.