वीस हजार खोल्या आणि नापास मंडळी

दोन फळ्या. खालच्या फळीवर बसायचं, वरच्या फळीवर कागद ठेवून लिहायचं. रात्र झाली की वरची फळी काढून खालच्या खाचेत सरकवायची, झाली झोपायची सोय. पाय पूर्ण पसरता येत नाहीत, पण पाय पसरायला इथं कुणी येतही नसे. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी, दार नाहीच. पाऊस लागू नये म्हणून पडदा घरूनच आणायचा.

मी त्या फळीवर बसून पाहिलं. चीनमधल्या नानजिंग शहरात चिनह्वाय नदीच्या काठी कन्फ्यूशियसचं देऊळ आहे, त्याला लागून बादशाही राजवटीच्या काळातलं, सरकारी अधिकारी निवडायच्या परीक्षेचं केंद्र आहे. त्याला च्यांगनान गोंगयुआन म्हणतात. आता तिथं संग्रहालय झालंय, तेही बहुतेक जमिनीखाली. उतारावरून खाली खाली जात राहायचं. वर जुना टेहळणीचा मनोरा तेवढा शिल्लक आहे. माझ्या शेजारच्या खोलीत एक शाळकरी पोरगा बसला होता आणि त्याची आई फोटो काढत होती. पोरगा बिचारा कंटाळला होता.

मला मात्र नारायण पेठेतली अभ्यासिका आठवली. प्लायवूडचे कप्पे, डोक्यावर एक ट्यूबलाइट, कप्प्याच्या आतल्या बाजूला आधीच्या कुणीतरी पेनानं लिहिलेलं ‘या वेळी नक्की’. एमपीएससीची चार वर्षं मी तशा कप्प्यात काढली. दोनदा पूर्व निघाली, मुख्य एकदाही नाही. मग लग्न झालं, नवऱ्याच्या कंपनीनं त्याला इथं पाठवलं, आणि मी व्हिसाच्या कागदावर ‘सोबत आलेली पत्नी’ झाले. त्यामुळे या खोल्यांकडे मी पर्यटकासारखी बघूच शकले नाही.

तर या केंद्रात, छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळात, अशा वीस हजारांच्या वर खोल्या होत्या. गल्ल्यागल्ल्यांनी, ओळीनं. शाळेत मुलं अगदी सुरुवातीला जे हजार अक्षरांचं काव्य पाठ करत, त्यातलं एकेक अक्षर प्रत्येक गल्लीला नाव म्हणून दिलेलं. आजच्या च्यांगसू आणि आनह्वी या दोन प्रांतांतले उमेदवार दर तीन वर्षांनी इथं यायचे. आठव्या चांद्र महिन्यात तीन सत्रं, आणि प्रत्येक सत्र तीन दिवस दोन रात्रींचं. चूल, तांदूळ, मेणबत्त्या, अंथरूण सगळं टोपलीत घालून आणायचं. आत जाताना झडती. गल्लीच्या टोकाला संडास, आणि त्याच्या शेजारची खोली ज्याच्या वाट्याला येईल त्याचं नशीब. त्या खोलीला नावच होतं ‘वासाची खोली’. तिसऱ्या सत्रात महिन्याची पौर्णिमा यायची. बाहेर अख्खं शहर चंद्राला नैवेद्य दाखवून गोड वड्या खातंय, आणि हे वीस हजार लोक भिंतींच्या फटीतून तोच चंद्र बघतायत.

हे सगळं करून निवडले किती जायचे? शंभराच्या आसपास.

एका गोष्टीचं मात्र मला मनापासून कौतुक वाटलं. उमेदवारानं काळ्या शाईत लिहिलेला पेपर तसाच परीक्षकाकडे जात नसे. नाव चिकटवून झाकायचं, मग कारकुनांची फौज तो अख्खा पेपर लाल शाईत नकलून काढायची आणि परीक्षकाला ती लाल प्रत द्यायची. म्हणजे हस्ताक्षरावरूनही ओळख पटायला नको. बारकोड नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आणि तरी कॉपी करणारे होतेच. आतून मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेला अंगरखा काचेआड ठेवलाय. एवढं बारीक लिहिण्याच्या कष्टात तो धडा दोनदा पाठ झाला असता, असं मला वाटून गेलं.

लिहायचं काय, तर ‘आठ पायांचा निबंध’. मिंग काळात, पंधराव्या शतकात, त्याचा साचा पक्का झाला. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या चार ग्रंथांमधलं एखादं वाक्य, कधी अर्धंच वाक्य, विषय म्हणून यायचं. पहिल्या दोन वाक्यांत ते ‘फोडायचं’, मग पायरीपायरीनं पुढं जायचं, आणि मधे जोड्याजोड्यांनी अशी वाक्यं रचायची की एका वाक्यातल्या प्रत्येक अक्षराला समोरच्या वाक्यात तोलाचं अक्षर हवं. सातशे अक्षरांच्या आसपास संपवायचं. स्वतःचं मत मांडायचं नाही. प्राचीन ऋषीच बोलतोय अशा थाटात लिहायचं, आणि अर्थ लावायचा तो बाराव्या शतकातल्या चू शी या भाष्यकारानं लावून दिलेलाच. भाषा वन्यान, म्हणजे जुनी ग्रांथिक चिनी. ती घरात, बाजारात कुणीच बोलत नसे. मला चिनी शिकवणाऱ्या बाईंना मी विचारलं, ‘लाओशी (म्हणजे बाई), मग यात हुशारी कशी कळायची?’ त्या म्हणाल्या, ‘पिंजऱ्यात नाचता येतं का, ते कळायचं.’

बाईंनीच मला पुढची गोष्ट सांगितली. इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ती माहीत असते, कारण ती पाठ्यपुस्तकात आहे. फान चिन नावाचा माणूस, वय चोपन्न. विसाव्या वर्षापासून परीक्षा देतोय. घरात तांदूळ नाही म्हणून अंडी घालणारी कोंबडी काखेत धरून बाजारात विकायला गेलाय. तेवढ्यात घोड्यावरून वर्दी येते, प्रांतिक परीक्षा पास! शेजारी त्याला ओढत घरी आणतो. तो भिंतीवरचा कागद वाचतो, टाळ्या पिटत ‘पास झालो’ म्हणतो आणि धाडकन पडतो. शुद्धीवर येतो तो वेडा होऊनच. बाहेर पळत सुटतो, डबक्यात पडतो, चिखलानं माखतो, बूट हरवतो. शेवटी कुणीतरी सुचवतं, हा ज्याला घाबरतो त्यानं याच्या थोबाडीत द्यावी. तो माणूस म्हणजे त्याचा सासरा, खाटीक. कालपर्यंत या सासऱ्यानं जावयाला वाट्टेल ते बोलून घेतलेलं. आता मात्र हात उचलेना, कारण जावई आकाशातला विद्येचा तारा झालाय, त्याला मारलं तर यमाच्या दरबारी जाब द्यावा लागेल. दोन वाडगे दारू पोटात गेल्यावर एकदाची चपराक बसते, जावई भानावर येतो, आणि सासऱ्याचा हात दुखायला लागतो, बोटं वळेनात. देवानं शिक्षा केली, असं त्याला वाटतं.

ही गोष्ट ज्या कादंबरीतली, त्या ‘रूलिन वायशि’मध्ये याच्या आधी एक प्रसंग आहे. साठी ओलांडलेला एक गरीब मास्तर कामानिमित्त प्रांताच्या परीक्षा केंद्रात शिरतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या दोन फळ्या दिसतात, नीट मांडून ठेवलेल्या. तो डोकं फळीवर आपटतो आणि बेशुद्ध पडतो. बस, एवढंच. पुढं हाच माणूस नशिबानं परीक्षक होतो आणि फान चिनचा पेपर त्याच्याच हाती येतो. पहिल्यांदा वाचतो तेव्हा त्याला तो बडबड वाटतो, तिसऱ्यांदा वाचतो तेव्हा एकेक अक्षर मोती. पेपर तपासण्याबद्दल याहून खरं मी कुठं वाचलेलं नाही.

लेखक वू चिंगझी. जन्म 1701चा, आनह्वी प्रांतातल्या चुआनच्याव गावचा. घराणं परीक्षा पास करणाऱ्यांचं. त्यानं स्वतः पहिली पायरी ओलांडली, पुढं काही जमलं नाही. वडिलार्जित पैसा हातचा राखून वागणं त्याला माहीत नव्हतं. 1733मध्ये तो नानजिंगला राहायला आला, याच नदीच्या काठी. 1736मध्ये राजधानीतल्या एका खास परीक्षेसाठी त्याचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा तब्येतीचं कारण सांगून तो गेला नाही. त्याच्या मित्रानं लिहून ठेवलंय, की कडाक्याच्या हिवाळ्यात घरात खायला-प्यायला काही नसे, तेव्हा हा पाचसहा दोस्तांना घेऊन चांदण्यात दक्षिण दरवाजातून बाहेर पडायचा. शहराच्या तटाबाहेरून गात, कविता म्हणत रात्रभर चालायचे, आणि उजाडता उजाडता पश्चिम दरवाजातून आत येऊन हसत आपापल्या घरी. याला ते ‘पाय शेकणं’ म्हणत.

नानजिंगचा तो तट अजून बराचसा उभा आहे, पस्तीसपैकी पंचवीस किलोमीटर. जानेवारीत मी त्याच्या एका तुकड्यावरून चालले. तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं कान बधिर झाले. पाय काही शेकले नाहीत.

दुसरा गडी उत्तरेकडचा, शानतुंग प्रांतातला. पू सोंगलिंग, 1640 ते 1715. अठराव्या वर्षी तालुका, जिल्हा आणि त्यावरची अशा तिन्ही प्राथमिक परीक्षांत पहिला. सगळ्यांना वाटलं, हा आता कुठच्या कुठं जाणार. आणि मग आयुष्यभर त्यापुढच्या प्रांतिक परीक्षेत नापास. 1687मध्ये तर लिहिण्याच्या ओघात मधलं एक पान कोरं सुटलं म्हणून बाद. माझ्या मैत्रिणीचा एका पेपरात गोल रंगवताना एक नंबर चुकला आणि खालचे सगळे सरकले, तेव्हा ती हॉलबाहेर येऊन पायरीवर बसली होती, ते आठवलं. पन्नाशीनंतर बायकोनं पूला समजावलं, नशिबात असतं तर एव्हाना मंत्री झाला असतात; रानामळ्यातही सुख आहे, आरोपींना पडणाऱ्या फटक्यांचे आवाज ऐकण्यातच ते असतं असं नाही. पूनं स्वतः हे लिहून ठेवलंय. मला ही बाई फार आवडली.

मोठ्या घरच्या मुलांना शिकवत शिकवत त्यानं जवळजवळ पाचशे गोष्टी लिहिल्या, कोल्हिणींच्या, भुतांच्या, यमाच्या कचेरीतल्या लाचखोरांच्या. आणि गंमत बघा, भाषा तीच परीक्षेची वन्यान. ज्या भाषेनं त्याला नापास केलं, तिच्यातच कोल्हीण खिडकीतून आत येते आणि हसते. बाईंनी मला त्यातलं अर्ध पान शिकवायला दोन तास घेतले. एक अक्षर, आणि त्याचा अर्थ सांगायला आजच्या चिनीत एक वाक्य.

ते अर्ध पान निकालाची वाट बघणाऱ्या एका उमेदवाराच्या गोष्टीच्या शेवटचं होतं. तिथं पू म्हणतो, परीक्षार्थी सात रूपांतून जातो. टोपली घेऊन अनवाणी आत शिरताना भिकारी. हजेरीला शिव्या खाताना कैदी. खोल्याखोल्यांतून डोकी आणि पाय बाहेर काढून बसलेला असतो तेव्हा शरदाच्या शेवटी गारठलेली मधमाशी. पेपर संपवून बाहेर पडताना पिंजऱ्यातून सुटलेला आजारी पक्षी. निकालाची वाट बघताना दोरीनं बांधलेलं माकड. यादीत नाव नाही असं कळल्यावर विष खाल्लेली माशी, हलवलं तरी हलत नाही. आधी सगळी पुस्तकं जाळायला निघतो. पण दिवस जातात, राग ओसरतो, हात शिवशिवायला लागतात, आणि अंडी फुटलेल्या होल्यासारखा तो परत काड्या गोळा करायला लागतो.

बाईंसमोरच माझा घसा दाटून आला. त्यांना वाटलं, व्याकरण अवघड गेलं.

हे सात नंबर मी मराठीत करून त्याच रात्री धाकट्या भावाला पाठवले. तो सध्या पुण्यातच असतो, तिसरा प्रयत्न, निकाल अडकलेला.

नानजिंगमध्येच जन्मलेला कादंबरीकार त्साव शुएचिन तर तुम्हाला नावानं माहीत असेल. आजोबा इथल्या शाही रेशीम कारखान्याचे प्रमुख, घरात बादशहा उतरायचा, आणि पुढं नव्या बादशहानं सगळी मालमत्ता जप्त केली. लाल माडीच्या स्वप्नाची त्याची कादंबरी हा इतका मोठा विषय आहे, की या पोस्टमध्ये त्याला कोंबणं पाप होईल. एकच सांगते. पूच्या गोष्टी छापल्या गेल्या 1766मध्ये, तो गेल्यावर एक्कावन्न वर्षांनी. त्सावची कादंबरी 1791मध्ये, तो जाऊन तीसेक वर्षं झाल्यावर. वूच्या कादंबरीची आज मिळणारी सगळ्यात जुनी छापील प्रत 1803ची, त्याच्यामागं जवळपास पन्नास वर्षांनी. तिघांनीही आपलं पुस्तक छापलेलं पाहिलं नाही. लोक हातानं नकलून वाचत होते. त्याच काळात आठ पायांचे पास झालेले निबंध मात्र गाइडसारखे छापून ढिगांनी विकले जात. ते आज कोण वाचतं?

या खोल्यांमधल्या शेवटच्या काही तुकड्यांत 1897 साली अठरा वर्षांचा एक आनह्वीचा मुलगा होता. त्यानं पुढं आठवणींत लिहिलंय, की उकाड्यानं हैराण झालेला एक लठ्ठ उमेदवार, अंगावर एक चिंधी नाही, वेणी डोक्यावर गुंडाळलेली, पायात फाटके जोडे, हातात आपला पेपर, गल्लीत येरझाऱ्या घालतोय, मोठ्यांदा वाचतोय, मांडीवर थाप मारून म्हणतोय, ‘वा! या वेळी पास!’ मुलगा त्याच्याकडे तासदोन तास बघत राहिला आणि विचार करू लागला, की ही माणसं उद्या राज्य चालवणार. तो मुलगा म्हणजे चेन दुशिऊ. 1905मध्ये परीक्षा कायमची बंद झाली. 1917मध्ये त्यानं आपल्या मासिकातून वन्यानविरुद्ध साहित्यिक क्रांतीची हाक दिली, आणि 1921मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत तो होता. गोंगयुआनच्या खोल्याही पुढं पाडल्या गेल्या. मी बसले ती फळी नव्यानं केलेली. माझ्या अभ्यासिकेतलं ‘या वेळी नक्की’ मात्र खरं होतं.

इथं आजही सरकारी नोकरीच्या परीक्षेला लाखोंनी पोरं बसतात. पास झालं की ‘शांगआन’ म्हणतात, म्हणजे काठाला लागला. आपण ‘पोस्ट निघाली’ म्हणतो.

भावाचं उत्तर तीन दिवस आलं नाही. मी घाबरून आईला फोन केला, आई म्हणाली जेवतोय नीट, काळजी करू नकोस. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला. फक्त ‘सहा.’ मी काय लिहावं ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. मग अकरा दिवसांनी, रात्री दीडला, म्हणजे त्याच्या घड्याळात अकरा:

‘ताई, सात. अभ्यासिकेची फी वाढलीये, हजार रुपये टाक.’