तिकिटाशिवाय विम्बल्डन

विम्बल्डनला चाललोय असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न, "तिकीट मिळालं?" नाही म्हटलं की आपल्यापेक्षा त्याचाच चेहरा पडतो. आई आणि मी २०२५ च्या स्पर्धेला गेलो तेव्हा लंडनला उतरेपर्यंत आमच्याकडे एकही तिकीट नव्हतं. यात धाडस वगैरे काही नाही. सगळी आखणीच आम्ही तिकीट मिळणार नाही असं धरून केली होती, आणि माझ्या मते बाहेरून जाणाऱ्याने ती तशीच करावी.

सोडतीचा अर्ज मात्र केला होता. १९२४ पासून विम्बल्डनची बरीच तिकिटं सोडतीने वाटली जातात. अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आसपास, स्पर्धा भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबच्या संकेतस्थळावर खातं उघडून करायचा. नाव लागलं तरी दिवस आणि कोर्ट आपण निवडू शकत नाही. जे पदरात पडेल ते घ्या नाहीतर सोडा. घेतलेलं तिकीट दुसऱ्याला देताही येत नाही. आमच्या दोघींचंही नाव लागलं नाही, त्यामुळे हा विषय लवकर मिटला.

दुसरा मार्ग डिबेंचरचा. काही लोक क्लबकडे मोठी रक्कम भरून पाच वर्षांसाठी सेंटर कोर्टची, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टची, खुर्ची घेतात, आणि फक्त त्यांचीच तिकिटं उघडपणे विकता येतात. त्यांचे दर बघून मी तो टॅब बंद केला. एका एजंटने "सेंटर कोर्ट पक्कं" असं सांगून भाव सांगितला होता. तिकीट डिबेंचरचं आहे की सोडतीचं, एवढं विचारल्यावर उत्तर गुळमुळीत आलं. सोडतीचं किंवा रांगेतलं तिकीट कुणी विकलं तर ते रद्द होतं. म्हणजे पैसेही जाणार आणि गेटवरून परतही यावं लागणार.

उरली ती रांग. विम्बल्डन ही अशा मोजक्या मोठ्या स्पर्धांपैकी आहे जिथे त्याच दिवशी सकाळी येऊन चांगलं तिकीट विकत घेता येतं. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्ट, प्रत्येकाची साधारण पाचशे तिकिटं रोज रांगेसाठी ठेवलेली असतात. शेवटच्या चार दिवसांत सेंटर कोर्टची नसतात. त्यातलं एखादं हवं असेल तर आदल्या दिवसापासून विम्बल्डन पार्कात तंबू ठोकून राहावं लागतं. त्यानंतर हजारोंच्या संख्येने ग्राउंड पास मिळतात. मोठी तीन कोर्टं सोडून बाकी सगळीकडे त्यावर फिरता येतं. २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तो ३० पौंडांना होता.

"अगं, म्हणजे सेंटर कोर्ट नाहीच?" आईने विचारलं.

"तंबूत झोपशील?"

"तुझ्या वयाची असते तर झोपले असते."

मग मी तिच्यापुढे आकडेमोड मांडली, आणि या सगळ्या तयारीत माझं सगळ्यात कामाचं काम तेच होतं. पुरुष आणि महिला एकेरीत प्रत्येकी १२८ खेळाडू. दुसऱ्या फेरीचे मिळून ६४ सामने, ते बुधवारी आणि गुरुवारी वाटलेले. म्हणजे दिवसाला बत्तीस, आणि मोठ्या कोर्टांवर त्यातले मोजकेच मावतात. बाकीचे सगळे बाहेरच्या कोर्टांवर, हाताच्या अंतरावर. शिवाय दुहेरीही त्याच सुमारास सुरू होते. उलट दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत एकेरीच्या उपांत्यपूर्व फेऱ्याच उरतात आणि त्या मोठ्या कोर्टांवर जातात. ग्राउंड पासवाल्याला मग कनिष्ठ गट, दुहेरी आणि जुन्या खेळाडूंचे सामने राहतात. तेही छान असतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिला आठवडाच धरावा.

आईला पटवणारी गोष्ट दुहेरीची होती. १९९९ साली पेस आणि भूपती इथे जिंकले तेव्हापासून ती एकेरीपेक्षा दुहेरीच मन लावून बघते. दुहेरी बघायला सेंटर कोर्ट लागत नाही म्हटल्यावर तिने तो हट्ट सोडला.

दिवस नक्की नसल्यामुळे बाकीची व्यवस्था सैल ठेवावी लागली. ब्रिटनचा नेहमीचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच मागता येतो. जूनअखेरच्या स्पर्धेसाठी मार्चअखेरीआधी हात बांधलेलेच. आमच्या वेळी सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क १२७ पौंड होतं, आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात असं ब्रिटनचे व्हिसावाले स्वतःच सांगतात. व्हिसा हातात येईपर्यंत प्रवासाचे पैसे अडकवू नका, असंही त्यांचंच म्हणणं आहे. आम्ही ते ऐकलं. हॉटेल रद्द करता येईल असं घेतलं आणि विमानाचं तिकीट व्हिसानंतर. थोडं महाग पडलं, पण त्या काळात झोप नीट लागली. स्पर्धेचं तिकीट नाही, याचं काय करायचं हा प्रश्न अर्ज भरताना पडतोच. सोबतच्या पत्रात मी सरळ लिहिलं की आम्ही रोजच्या रांगेत उभं राहून पास घेणार आहोत. आणि राहण्याचा, खर्चाचा, परतीचा हिशेब नीट जोडला.

राहायला विम्बल्डन गावात जाऊ नका. त्या पंधरवड्यात तिथे भाडी चढतात. आम्ही अर्ल्स कोर्टला राहिलो. तिथून डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी थेट साउथफील्ड्सला जाते. नावाला फसून विम्बल्डन स्टेशनवर उतरणारे बरेच असतात, पण रांगेसाठी साउथफील्ड्सच सोयीचं आहे.

गुरुवारी आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. जुलैच्या सुरुवातीला तिथे पाचच्या आतच उजाडतं, त्यामुळे काळोखात चाचपडणं नाही. स्टेशनबाहेर पडल्यावर रस्ता विचारावाच लागला नाही, सगळा डबाच तिकडे चालला होता. पार्कात शिरताच स्वयंसेवक हातात एक कार्ड देतात. त्यावर तारीख आणि आपला क्रमांक असतो. माणशी एक कार्ड, दुसऱ्यासाठी जागा धरणं नाही. अर्ध्या तासापर्यंत बाजूला जाऊन या, त्याहून जास्त नाही. घुसखोरी म्हणून काही प्रकारच नव्हता, आणि रांगेत उभं राहण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या आईला सगळ्यात जास्त नवल त्याचंच वाटलं. सोबत घडीचं स्टूल, टोपी आणि पाणी होतं. पार्कात स्वच्छतागृहं आहेत, खायला मिळतं. तंबूवाल्यांना स्वयंसेवक लवकरच उठवतात आणि पुढच्या लोकांच्या मनगटावर कोर्टांप्रमाणे पट्ट्या बांधत येतात. आमच्यापर्यंत पट्ट्या पोचणार नाहीत हे माहीतच होतं.

पिशवीचं एक सांगते. माणशी एकच, आणि ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरच्या आत बसणारी. घरातून मोजून निघा. डबा नेलेला चालतो, सेल्फी स्टिक चालत नाही.

दहाला दारं उघडतात, बाहेरच्या कोर्टांवर खेळ अकराला सुरू होतो. आम्ही आत पोचलो तेव्हा पहिल्या सामन्यांची सुरुवात झालेली होती. आत गेल्या गेल्या लोक आधी मोठ्या पडद्यावर सामने दिसतात त्या टेकडीकडे किंवा दुकानाकडे वळतात. आम्ही थेट अठरा नंबर कोर्ट गाठलं. तिथे ग्राउंड पासवर बसायला मिळतं, पण दुपारनंतर बाहेर रांग लागते आणि आत सोडतात ते खेळाडू बाजू बदलत असतानाच. याच कोर्टावर २०१० मध्ये इस्नर आणि माहू तीन दिवस खेळले. शेवटचा सेट ७०-६८, एकूण अकरा तास पाच मिनिटं. बाहेर त्याची पाटी आहे. आईने ती दोनदा वाचली.

२०२५ पासून लाइनवरचे पंच काढून टाकले आहेत. "आउट" असं यंत्रातून ऐकू येतं, आणि रिकाम्या कडेकडे बघत आई बराच वेळ नाराज होती. मलाही ते ओकंबोकं वाटलं, पण खेळाडूंच्या हुज्जती कमी झाल्या असतील तर माझी तक्रार नाही. दुहेरीचे सामने मात्र तिने मनसोक्त बघितले, एका ठिकाणी तर पहिल्या बाकावरून. नेटजवळच्या खेळाडूने पाठीमागे बोटांनी केलेली खूण टीव्हीवर नेहमी दिसते, पण तिथे त्यांची कुजबुजही ऐकू येते. स्ट्रॉबेरी-क्रीम खाल्लं. कित्येक वर्षं अडीच पौंडांवर थांबलेला भाव २०२५ मध्ये २.७० झाला होता. तिथल्या बाकीच्या किमती बघता हीच एक वस्तू स्वस्त म्हणायची.

आता सेंटर कोर्टाचं. दुपारी तीननंतर मोठ्या कोर्टांवरून निघून जाणाऱ्यांची तिकिटं क्लब पुन्हा विकतो, दहा-पंधरा पौंडांत, आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. आत असलेल्यांनीच फोनवरच्या ॲपमधून त्या रांगेत नाव लावायचं. हे माहीत असूनही लोक लावत नाहीत, कारण संध्याकाळी सगळे थकलेले असतात. आम्ही तीन वाजताच नाव लावून ठेवलं आणि खेळ बघत राहिलो. साडेसहाच्या सुमारास फोन वाजला. सेंटर कोर्ट नव्हे, एक नंबर. दोघींच्या जागा दोन वेगळ्या टोकांना. त्या दिवसांत तिथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो, आणि या कोर्टाला २०१९ पासून छप्परही आहे, म्हणजे खेळ भरपूर उरलेला होता.

सामना संपल्यावर आई दारापाशी भेटली तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंशी तिची चांगलीच गट्टी जमली होती. त्या बाई लंडनच्याच. दरवर्षी येतात म्हणे, सोडतीत आजवर एकदाही नाव लागलेलं नाही.