सरळ झाला म्हणे!
आज मैदानावर एका गृहस्थांनी कुत्र्याच्या गळ्यातला काटेरी पट्टा असा हिसकला की तो जागच्या जागी चिडीचूप. कान मागे, शेपटी पायांत, ओठांवरून सारखी जीभ. "बघा, कसा सरळ झाला!" सरळ कसला, टरकलाय तो!

वर 'कळपाचा म्होरक्या आपणच व्हायचं' हे पालुपद. अहो, तो समज १९४७ च्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या अभ्यासातून आला. तो पसरवणाऱ्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. वेल्सने तर विजेचा झटका देणारे गळपट्टे २०१० मध्येच बंद केले.

खाऊने कुत्रं लाडावतं म्हणे. भलत्या वेळी दिला तर, हो. बसल्या क्षणी द्यायचा, उठल्यावर नाही. आमचं ध्यान तर नखाएवढ्या तुकड्यासाठी न सांगताच बसतं आणि माझ्या खिशाकडे रोखून बघतं.