काउंटर पाचचं बिल काउंटर दोनवर

एक तारीख होती. औषधांच्या होलसेलवाल्याकडून एक तारखेला फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. काउंटर दोनवरचे काका म्हणाले, "सर, मी भरत होतो एका मेडिकलचं बिल, स्क्रीनवर दुसऱ्याचंच आलंय." कीबोर्डवरचं एफ नऊ बटण दाबलेलं का विचारलं तर म्हणे हो, स्टॉक रिपोर्ट काढून परत आलो आणि हे असं.

त्यांचं बिलाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. जुनं आहे, सी भाषेत, एनकर्सेसवर (नुसत्या अक्षरांची स्क्रीन रंगवणारी लायब्ररी). एक लिनक्स सर्व्हर आणि सहा काउंटरवर पुटीच्या (सर्व्हरला लांबून जोडणारा प्रोग्राम) काळ्या खिडक्या. हसा खुशाल, पण काका माउसला हात न लावता ज्या स्पीडने बिल फोडतात तो तुमच्या ब्राउझरवाल्या ईआरपीत (धंद्याचं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) दाखवा मला.

एफ नऊला प्रोग्राम बाजूला होऊन रिपोर्ट काढणारी शेलची स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची यादी) चालवतो. त्याआधी एनकर्सेसच्या एससीआर डंप फंक्शनने स्क्रीन एका फाइलीत टाकायची, परत आलं की एससीआर रिस्टोअरने उचलायची, असा कोड. फाइलीचं नाव बघितलं आणि कपाळावर हात मारला. टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये एकच ठरलेलं नाव, सहाही काउंटरना तेच! त्यात सगळे एकाच युजरने लॉगिन करतात (दहा वेळा सांगून झालंय, मालक ऐकत नाहीत), त्यामुळे एकाने दुसऱ्याची फाइल पुसली तरी परमिशनची साधी एररसुद्धा येत नाही.

दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या, स्क्रिप्टमध्ये तीस सेकंदांचा स्लीप (मुद्दाम थांबा) घातला, डावीकडे एफ नऊ, लगेच उजवीकडे एफ नऊ. डावी परत आली ती उजवीचं बिल घेऊन, अगदी अर्धवट टाइप केलेल्या बॅच नंबरसकट. एरवी रिपोर्ट दोन सेकंदांत उरकतो म्हणून टक्कर होत नाही, महिनाअखेरीच्या आकड्यांना मिनिटं लागतात आणि मग होते.

खरी गंमत पुढे आहे, रिस्टोअर फक्त चित्र बदलतं, खालच्या फॉर्मला त्याचा पत्ताच नसतो. मी टॅब मारला तर फक्त एक रकाना खऱ्या आकड्यावर आला, बाकी सगळं परक्याचं. सेव्ह केलं तर आपलंच बिल सेव्ह होतं. म्हणजे डेटा बरोबर, पण डोळ्यांना दिसतंय ते खोटं, आणि ते बघून कोणी फोनवर माल वाचून दाखवला असेल तर?

फिक्स चार ओळींचा. डंप-रिस्टोअर काढूनच टाकलं. डेफ प्रॉग मोड (टर्मिनलची सेटिंग लक्षात ठेव), एंडविन (कर्सेस बाजूला हो), स्क्रिप्ट, मग रिफ्रेश (स्क्रीन परत रंगव), बास. आपली स्क्रीन कशी होती ते एनकर्सेसच्या मेमरीत असतंच, एंडविननंतरच्या पहिल्या रिफ्रेशला ते सगळं पुन्हा रंगवतं.

तोवर मी मनात मूळ प्रोग्रामरला शिव्या घालत होतो. डॉसवाला माणूस, टर्बो सी मध्ये गेटटेक्स्ट-पुटटेक्स्ट (स्क्रीन मेमरीत उचलणारी आणि परत ठेवणारी फंक्शनं) करून ऐंशी बाय पंचवीसची स्क्रीन ४००० बाइटमध्ये उचलून ठेवायची सवय, तिथे एक मशीन एक माणूस, तीच सवय इथे आणली असणार म्हटलं. मग जुना बॅकअप उघडला. त्याच्या कोडमध्ये फाइलीच्या नावाला प्रोसेस आयडी (चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा नंबर) जोडलेला होता. लोक पुटी फुलीवरून बंद करायचे, टेम्पमध्ये फाइली साठायच्या, म्हणून नंतर कोणीतरी तो आयडी काढून "क्लीनअप" केलं होतं. कॉमेंटखाली इनिशियल्स माझी.

मालकांना सांगितलं, बग होता, काढला. ते म्हणाले, "जुन्या माणसाने घोळ घातलेला ना?" मी "हं" म्हटलं.