मंडईतलं वांगं, मोरोक्कोचा मसाला

भाची व्हीगन झाल्यापासून ती जेवायला यायची म्हटलं की मी आधी फ्रीजकडे बघते. तूप नाही, दही नाही, मधसुद्धा नाही. दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी तिला चालतात, पण दर खेपेला तीच काय खाऊ घालायची? या वेळी मोरोक्कोच्या मसाल्यातलं वांगं करायचं ठरवलं.

त्यांच्या मसाल्याचं नाव रास एल हनूत. अरबी नावाचा भाव ‘दुकानातला अव्वल माल’ असा. आपल्याकडे जसा घरोघरी गोडा मसाला वेगळा, तसा तिकडे दुकानागणिक हा वेगळा. यादी वाचली तर जिरं, धणे, दालचिनी, सुंठ, मिरी, वेलची, लवंग, जायफळ, हळद! सगळं घरात होतं. फक्त गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या रविवार पेठेतून आणल्या. भाजून कुटलेला मसाला सासूबाईंनी हुंगला आणि म्हणाल्या, “दगडफूल आणि खोबरं विसरलीस.”

पहिला प्रयत्न पार फसला. मंडईतून सवयीने छोटी काटेरी वांगी आणली. ओव्हनमध्ये ती आक्रसली, सालं चिवट झाली आणि सारण बाहेर. शिवाय कुसकुसच्या (तिकडच्या रव्याच्या बारीक गोळ्यांच्या) ऐवजी लापशीचा दलिया घेतला आणि त्यावर नुसतं गरम पाणी ओतून झाकून ठेवला. दाताखाली कचकच. नंतर कळलं, पाकिटातला कुसकुस आधीच वाफवून वाळवलेला असतो, म्हणून त्याला गरम पाणी पुरतं. दलिया म्हणजे कच्चा भरडलेला गहू, त्याला शिजवावंच लागतं.

दुसऱ्यांदा भरताची दोन वांगी घेतली. उभी चिरून गराला आडव्यातिडव्या चिरा दिल्या, मीठ-तेल चोळलं आणि कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंशांवर ४० मिनिटं भाजली. सालाला बोटभर गर ठेवून बाकीचा चमच्याने काढला. कांदा, लसूण, टोमॅटो परतून २ चमचे मसाला, उकडलेले छोले, ६-७ जर्दाळूंचे तुकडे, तो गर आणि कुकरमध्ये शिजवलेला दलिया घातला. दालचिनीचा हात मात्र आखडता ठेवा. पहिल्या वेळी माझ्या सारणाला खिरीचा वास येत होता. शेवटी लिंबू पिळलं आणि चव बघताना हसूच आलं. जर्दाळू आणि लिंबू म्हणजे आपलं चिंच-गूळच की.

भरून पुन्हा १५ मिनिटं ओव्हनमध्ये. दह्याऐवजी वर तीळ, लसूण, लिंबू आणि पाणी वाटून केलेली पातळ चटणी. वाटताना ती आधी घट्ट गोळा होते, घाबरू नका, चमचा-चमचा पाणी घालत राहिलं की पांढरीशुभ्र सैल होते. त्यावर कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे.

भाचीने दोन अर्धी संपवली. उरलेलं सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लं, वरून दाण्याचं कूट भुरभुरून.