मातीतून आलेल्याने ओपन गार्ड शिकताना

बडोद्याच्या मराठी घरांत कुस्तीचा विषय निघाला की जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आणि प्रोफेसर माणिकरावांचं नाव येतंच. मीही मातीतलाच. खांदे टेकले की कुस्ती गेली, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे नो-गीत, म्हणजे गी (जाड कापडाचा झगा) न घालता खेळायच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूत, आपणहून खाली बसून पायांनी समोरच्याला अडवत लढायला (यालाच ओपन गार्ड म्हणतात) मन लवकर तयार होईना.

गी असला की बाही-कॉलर धरून समोरच्याला अडवता येतं. इथे रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा गुळगुळीत टी-शर्ट) आणि घाम, पकड निसटतेच. उरतं ते मनगट, दंड, मान आणि टाच. म्हणून खरी पकड पायांची, असं सर पहिल्यापासून सांगायचे. पाय अंगाला लागलेला नसेल तर तो गार्डच नाही.

मी सगळ्यात जास्त घाम गाळला तो बटरफ्लाय नावाच्या गार्डवर, आणि नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पाठ टेकायची नाही, बसून राहायचं. दोन्ही पावलं समोरच्याच्या मांड्यांच्या आतून अडकवायची, एक हात काखेतून घालून पाठीवर, डोकं त्याच्या हनुवटीखाली. दुसऱ्या हाताने त्याचा मोकळा हात आवळायचा, म्हणजे पडताना त्याला तो टेकता येत नाही. मग आवळलेल्या हाताच्या बाजूला कुशीवर पडायचं आणि काखेत हात घातलेल्या बाजूचा पाय वर उचलायचा. सरळ मागे पडलात तर तो छातीवर येतो. ब्राझीलचा मार्सेलो गार्सिया एडीसीसी या नो-गीच्या मोठ्या जागतिक स्पर्धेत २००३, २००५, २००७ आणि २०११ असा चार वेळा जिंकला, तो बटरफ्लाय आणि एक्स गार्डसाठी (खालून दोन्ही पायांची फुली करून समोरच्याला तोलायचं) ओळखला जातो. त्याच्या लढती बघताना मी फक्त त्याचं डोकं कुठे आहे ते बघतो.

आमच्याकडे मांजलपूरचा एक वजनदार गडी येतो. तो गार्डमध्ये बसतच नाही, उभा राहून गुडघे बाजूला ढकलतो. त्याच्यासाठी नडगीला नडगी भिडवायची, त्याचा पाय छातीशी कवटाळायचा आणि पुढे सरकत उठायचं. उठलो की हातात एकेरी पट! तिथून पुढचं सगळं मातीत शिकलेलं. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या डावाने दिलेला नाही.

आता सिंगल लेग एक्स (खालून दोन्ही पायांनी समोरच्याचा एकच पाय अडकवायचा गार्ड) चालू आहे. तिथून हील हूक, म्हणजे टाच धरून पाय पिळायचा डाव, जवळच असतो, पण दुखायला लागेपर्यंत गुडघ्याला इजा होऊन गेलेली असते. म्हणून टाच अडकली की आम्ही लगेच टॅप करतो, म्हणजे हाताने थोपटून हार मानतो.